भाजीचे पैसे

पाकीट तीन दिवस माझ्या पर्समध्ये पडून होतं. लग्नामुंजीत आहेराला देतात तसलं, वर गणपती आणि कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया. आईने नाशिकहून येताना असा गठ्ठाच आणून ठेवला होता, 'असू दे, लागतात' म्हणून. आत वीसच्या नऊ नोटा. दिवसाचे ३० पौंड धरून सहा दिवसांचे १८०, आणि वरचा तो रुपया. मूल सांभाळण्याचा आमच्याकडचा पहिला पगार असा शुभ आकड्याचा झाला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धीर केला. ताई भाकरी थापत होती. माझा लेक तिच्या पायाशी बसून मोदकपात्राच्या चाळणीवर चमचा बडवत होता. मी पाकीट हळूच मायक्रोवेव्हवर ठेवलं, चुकून राहिल्यासारखं.

"हे काय?"

"काही नाही, असंच."

"असंच काय असतंय गं?" पिठाच्या हाताने, दोन बोटांच्या चिमटीत धरून तिने पाकीट उचललं आणि लेकाच्या पिशवीत डायपरच्या शेजारी खोचून टाकलं. "मावशीला कोण पैसे देतंय का?"

घरी येऊन बघितलं तर गणपतीच्या सोंडेला ज्वारीचं पीठ लागलेलं. ते पाकीट अजून आहे माझ्याकडे. पीठही आहे.

ताई म्हणजे सख्खी नव्हे. ती सोलापूरची, मी नाशिकची. ओळख इथली, इंग्लंडमधल्या रेडिंगची. लोअर अर्लीतल्या भारतीय दुकानात ज्वारीच्या पिठाच्या शेवटच्या पुडीवर दोघींचा हात एकदमच पडला होता, तिथून सुरू झालेली. वयाने आठ वर्षांनी मोठी, म्हणून ताई. आणि ताई माझी म्हणून लेकाची मावशी. यात कुणी ठरवून काही केलं नाही. आपल्याकडे नात्याचं नाव आधी लागतं, नातं मागून सवडीने येतं.

तेव्हा लेक अडीच वर्षांचा होता. आम्ही दोघं नोकरीवाले. माझं ऑफिस लंडनला, आठवड्यातून तीन दिवस पॅडिंग्टनची गाडी. इंग्लंडमध्ये मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या सत्रापासून आठवड्याला नर्सरीचे १५ तास सगळ्यांनाच फुकट मिळतात, तेही वर्षाचे ३८ आठवडे. त्याच्या आधी आमच्यासारख्यांना काही नाही, कारण आमच्या व्हिसाच्या कार्डावर ठळक छापलेलं होतं, 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत मागायची नाही. नर्सरीचे आकडे ऐकून नवरा म्हणाला होता, यात नाशिकला फ्लॅटचा हप्ता जातो. म्हणून एक चाइल्डमाइंडर शोधली होती, म्हणजे आपल्या घरी चार-पाच मुलं सांभाळणारी नोंदणीकृत बाई. चांगली होती. एका शुक्रवारी तिने सांगितलं की घर विकलंय आणि दोन आठवड्यांत ती डेव्हनला चाललीय.

त्या शनिवारी मी ताईकडे रडले. खरंच रडले, नाक पुसत. ती म्हणाली, "माझ्याकडे सोड की. एवढं काय त्यात."

आणि सोडलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तीन दिवस.

पाकीट परत आल्यावर मी हट्टाला पेटले. फुकटात दिवसाचे दहा तास कुणाला राबवायचं हे मला पचेना. ताई ऐकेना. शेवटी तिच्या नवऱ्याने तोडगा काढला, थेट बँकेत टाका, म्हणजे कुणी कुणाला काही 'दिलं' असं होत नाही. मी पहिल्या महिन्याचे पैसे पाठवले. बँकेचं ॲप कारण विचारतं. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले आणि टाइप केलं: 'भाजी'.

का टाइप केलं ते पुढे सांगते.

आमच्या गल्लीत एक गुजराती बेन राहतात. बारा वर्षं चाइल्डमाइंडर आहेत. दारात तीन बग्ग्या आणि भिंतीवर प्रमाणपत्र. त्यांना मी उत्साहाने सांगितलं की आमचा प्रश्न सुटला, मैत्रीण सांभाळते, आम्ही तिला थोडे पैसे देतो. त्यांनी एकच विचारलं, "कितने घंटे?" मी म्हटलं दहा. त्या हसल्या नाहीत. "किसी को बोलना मत," म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "नहीं, बोलने की बात नहीं है. पढ़ लो."

रात्री लेक झोपल्यावर वाचायला बसले.

इंग्लंडचा नियम थोडक्यात असा. आठ वर्षांखालचं मूल, स्वतःच्या घरात, दिवसाला दोन तासांहून जास्त, मोबदला घेऊन सांभाळायचं असेल तर ऑफस्टेडकडे नोंदणी पाहिजे. ऑफस्टेड म्हणजे शाळा तपासणारं सरकारी खातं. तेच पाळणाघरंही तपासतं. मैत्रिणीसाठी थोडी सूट आहे: २०१४ पासून मैत्रिणीला पैसे देऊन दिवसाला तीन तासांपर्यंत मूल ठेवता येतं. पैसे नसतील तर तासांचं बंधन नाही. संध्याकाळी सहा ते रात्री दोन या वेळात सांभाळलं तर नोंदणी नको, म्हणजे आईबाप सिनेमाला गेले तर कायद्याची हरकत नाही. सांभाळणारी बाई मुलाच्या घरी येत असेल तरीही सक्ती नाही. (स्कॉटलंड, वेल्समध्ये वेगळं. तिथे वयाची रेघही वेगळीकडे ओढलीय.)

मी हे दोनदा वाचलं. ताईने दहा तास फुकट सांभाळलं तर ती माझी मैत्रीण. तीन तास पैसे घेऊन सांभाळलं तरी मैत्रीण. तीन तास एक मिनिट झालं की बिननोंदणीची चाइल्डमाइंडर, आणि तो गुन्हा. म्हणजे गेला महिनाभर दर मंगळवार, बुधवार, गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझी सोलापूरची ताई, हातात वरणभाताची वाटी धरून, कायदा मोडत होती. आणि तिला त्यात ओढलं होतं मी, तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत आग्रह करून.

मग नातेवाइकांचं कलम आलं, आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेले असूनही मी एकटीच हसले. जवळच्या नातेवाइकांना नोंदणी लागत नाही. नातेवाईक कोण? आजी-आजोबा, सख्खे किंवा सावत्र बहीण-भाऊ, आणि इंग्रजीतली ती एकच एक आंट, एकच एक अंकल. रक्ताच्या किंवा लग्नाने झालेल्या. म्हणजे मावशी, आत्या, मामी, काकू सगळ्या एका शब्दात बसल्या. पण चुलत, मामे, मावस, आत्ते बहीण यादीत नाही. जिच्याबरोबर मी एका ताटात जेवून वाढले ती माझी मावसबहीण उद्या इथे राहायला आली आणि पैसे घेऊन माझं मूल सांभाळू लागली, तर ती आणि गल्लीतली अनोळखी बाई सरकारच्या लेखी सारखीच. आपण ज्यांना ज्यांना मावशी म्हणतो, शाळेच्या बसमधल्या मावशी, दवाखान्यातल्या मावशी, मेसच्या मावशी, या सगळ्यांना एका रांगेत उभं करून ऑफस्टेड विचारतंय, 'तुम्ही नक्की कोणाच्या कोण?'

आईचं कलम आणखी मजेचं. आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहून गेली होती. येण्याआधी तिला मुंबईपासून लंडनपर्यंतच्या यच्चयावत ओळखीच्या बायकांनी पढवलं होतं, "काउंटरवर विचारलं तर नातवाला भेटायला आले एवढंच म्हणायचं. सांभाळायला हा शब्द तोंडातून काढायचा नाही." ती विमानभर घोकत आली. प्रत्यक्षात, पाहुण्या म्हणून आलेल्या नातेवाइकाने मूल सांभाळलेलं चालतं. भेट खरी हवी आणि त्या सांभाळण्याची नोकरी व्हायला नको. आता आजी सकाळी सहाला उठून नातवाचं दूध गरम करते त्यात भेट कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते, हे त्या काउंटरवरच्या माणसालाही सांगता आलं नसतं.

नियम वाचून माझी पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची होते तीच होती. काय हे गोरे. दोन बायकांनी एकमेकींना मदत करायची त्यातही अर्ज.

माझ्यासारखं वाटणाऱ्या पुष्कळ होत्या, हे पुढे कळलं. २००९ मध्ये थेम्स व्हॅली पोलिसांतल्या दोन डिटेक्टिव्ह, दोघी मैत्रिणी, दोघींना लहान मुली. दोघी मिळून एकच नोकरी अर्धी-अर्धी करायच्या. एक ड्यूटीवर गेली की दुसरी दोन्ही मुलींना बघायची. पैशाचा संबंधच नाही. ऑफस्टेडने त्यांना कळवलं की हे बेकायदेशीर आहे. का? तर कायद्यातला शब्द 'रिवॉर्ड' असा आहे, मोबदला. आणि तू माझी सांभाळ, मी तुझी सांभाळते, हाही मोबदलाच. दोन तासांहून जास्त वेळ आणि वर्षात १४ दिवसांहून जास्त असेल तर नोंदणी करा. केवढा गहजब झाला. पोलिसांनाच बेकायदा ठरवल्यावर होणारच. तेव्हाचे मंत्री व्हर्नन कोकर यांनी फेरविचार करायला लावला आणि पुढे नियम सैल झाला. मैत्रिणींनी पैशाशिवाय अशी अदलाबदल केली तर आता नोंदणी लागत नाही.

त्या बातमीवर तेव्हा सगळं जग हसलं. मीही हसले असते. पण आपण जरा मनाशी खरं बोलू या. 'तू माझी सांभाळ, मी तुझी' हा मोबदला नाही तर काय आहे? आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चार दाणे साखर तरी घालतात. कोणाच्या घरून काय आलं, आपण काय दिलं, हळदीकुंकवाला तिने स्टीलची वाटी दिली तर आपण प्लास्टिकची देऊन कसं चालेल, हा हिशेब आपल्या आया-आज्यांना कुठल्याही ऑफस्टेडपेक्षा पक्का ठाऊक असतो. वहीत तेवढा लिहीत नाहीत.

आणि हा नियम अर्जांच्या हौसेतून आलेला नाही. त्याची मुळं शोधत गेले तर त्यातलं एक निघालं आमच्याच गावात, माझ्या घरापासून बग्गी ढकलत जाता येईल इतक्या अंतरावर. कॅव्हरशॅमच्या बंधाऱ्यावर 'क्लॅपर्स' म्हणून एक पादचारी पूल आहे. लेकाला तिथे खाली पांढरं फेसाळतं पाणी बघायला आवडतं. १८९६ च्या मार्चमध्ये रेडिंगजवळ थेम्समधून एका नावाड्याने एक पुडकं काढलं. आत तान्ही मुलगी होती, गळ्याला फीत आवळलेली. पुडक्याच्या कागदावर पुसट पत्ता होता, त्यावरून पोलीस अमेलिया डायर नावाच्या बाईपर्यंत पोचले. धंदा असा, की वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, बाळाला पोटच्या पोरासारखं वाढवू. अविवाहित, नोकरी करणाऱ्या, दुसरा रस्ता नसलेल्या मुली बाळ आणून द्यायच्या, एकरकमी पैसे द्यायच्या. एका मुलीकडून तिने १० पौंड घेतले होते. पैसे एकदाच मिळणार म्हटल्यावर बाळ जगलं तर तोटाच. नदीतून आणखी पुडकी निघाली. त्याच वर्षी १० जूनला तिला न्यूगेटच्या तुरुंगात फाशी दिलं.

अशा 'बेबी फार्मिंग'विरुद्ध पहिला कायदा १८७२ चा. एक वर्षाखालची एकाहून जास्त बाळं, चोवीस तासांहून जास्त, 'मोबदल्यासाठी' ठेवायची तर घराची नोंदणी करा. डायरसारख्यांना तो पुरला नाही, म्हणून १८९७ मध्ये तो कडक झाला. १९४८ मध्ये दिवसा मुलं सांभाळणाऱ्या बायका नोंदणीखाली आल्या, आणि २००६ च्या चाइल्डकेअर कायद्यापर्यंत 'रिवॉर्ड' हा शब्द तसाच चालत आला. म्हणजे ताईच्या वरणभाताच्या वाटीवर पडलेली ही सावली दीडशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडेही हे घडत नाही असं कुठे आहे. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातली चित्रफीत बाहेर आली होती, दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाची. तेव्हा मी ठाण्याला होते आणि मूलबाळ नव्हतं, तरी ती पुरती बघू शकले नव्हते. त्या आठवड्यात ऑफिसातल्या किती जणी जेवणाच्या सुट्टीत पाळणाघराला फोन लावून नुसताच मागचा आवाज ऐकत होत्या.

हे सगळं एकीकडे. दुसरीकडे मंगळवार उजाडणारच होता.

पर्याय मोजले. ताईने आमच्या घरी येऊन सांभाळायचं, तर नोंदणी नको. पण मग मी तिची मालक. किमान वेतन, भरपगारी रजा, पगाराची चिठ्ठी. ताईला पगाराची चिठ्ठी देणारी मी! विद्यापीठात शिकणारी एक मराठी मुलगी तयार होती, पण तिच्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा असा धंदा करायला बंदी. पैसे देऊन तीन तास, म्हणजे लंडनला जाऊन परत येण्यातच संपले. आणि करही होताच: अशी किरकोळ कमाई वर्षाला १००० पौंडांपर्यंत करमुक्त असते, आमचे आठवड्याचे ९० धरले तर बाराव्या आठवड्यात तीही हद्द ओलांडली असती.

उरलं फुकट. ताईला सांगितलं तर तिला केवढा आनंद झाला. "बघ! सरकारपण तेच म्हणतंय, मावशीला पैसे द्यायचे नसतात." महिन्याचे पैसे तिने त्याच रात्री परत पाठवले. कारण लिहिलं होतं: 'भाजी परत'.

त्या बदल्यात मी शनिवारी तिच्या मुलीला गणित शिकवायला लागले. रेडिंगमध्ये दोन सरकारी ग्रामर स्कूलं आहेत, मुलांची रेडिंग स्कूल आणि मुलींची केन्ड्रिक, आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या प्रवेशपरीक्षेने इथल्या भारतीय घरांत जे होतं ते दहावीच्या वर्षात दादरलाही होत नसेल. तर मी अपूर्णांक शिकवायचे आणि ताई माझं मूल सांभाळायची. कोणी कोणाला काही देत नव्हतं.

आणि इथून आमचं बिनसायला लागलं.

पैसे नव्हते म्हणून बोलता येत नव्हतं. लेकाला ताईकडे तासन्‌तास टीव्ही असायचा. चाइल्डमाइंडरला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं, ताईला कुठल्या तोंडाने सांगू? तिला एकदा ताप होता, तिने कळवलंच नाही. मी न्यायला गेले तेव्हा शाल गुंडाळून बसली होती आणि लेक तिच्या मांडीवर. "सांगायचं नाही का?" "तुझी गाडी होती की गं सकाळी." मला तिचा राग आला, आणि राग आल्याचा राग आला. नोव्हेंबरात एकदा सिग्नल बिघडून गाडी स्लाऊच्या पुढे अडकली. पोचायला सव्वासात. ताई काही बोलली नाही. फक्त लेकाला कोट, टोपी, बूट सगळं चढवून दारात उभं केलेलं होतं, आणि कोटाच्या आत त्याला घाम फुटला होता. म्हणजे तो किती वेळ तसा तयार होता ते मला मोजता आलं. मी चार वेळा सॉरी म्हटलं. ती चारही वेळा 'चालायचंच' म्हणाली, प्रत्येक वेळी थोडं हळू.

त्या रात्री मला काकू आठवल्या.

नाशिकला, रविवार कारंजाजवळच्या वाड्यात, आम्ही वर आणि काकू खाली. आई बँकेत. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मी काकूंकडे. पहिली ते सातवी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी द्यायची, तिच्या देठांच्या आत घडी घातलेल्या नोटा. "काकूंना दे आणि म्हण, भाजीचे पैसे." काकू जुडी घ्यायच्या, नोटा न बघता कमरेला खोचायच्या, आणि माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. ७५ रुपये. मला कळायला लागलं तेव्हापासून ते सातवीपर्यंत ७५ रुपये.

दोन वर्षांपूर्वी काकूंची मुलगी भेटली. गप्पांत म्हणाली, "तुझ्या आईच्या त्या पैशांतून माझी टायपिंगची फी गेली." मला भरून आलं. मग ती हसत हसत, अगदी सहज म्हणाली, "आई म्हणायची, शंभर केले असते तर बरं झालं असतं. पण भाजीचे पैसे वाढवून कसे मागायचे?"

बँकेत आईचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी वाढायचा. मी फोनवर आईला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला किती वेळा वाटलं वाढवावेत. पण वाटायचं, त्यांना वाईट वाटेल. आम्ही कामवाली समजतो असं वाटेल." सात वर्षं एका जिन्याच्या दोन टोकांना दोन बायका एकाच आकड्याचा विचार करत होत्या, आणि मध्ये मी कोथिंबीर घेऊन ये-जा करत होते.

जानेवारीत ताईनेच विषय काढला. भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. "त्या बेन आहेत ना तुमच्या गल्लीतल्या. त्यांना विचारशील का, ते नोंदणीचं काय काय लागतंय?"

"तुला करायचंय?"

"सगळ्यांची सांभाळायलेच की मी. तुझा, शेजारच्या तेलुगू बाईची पोरगी शाळा सुटल्यावर. तीपण मावशीच म्हणती." नळ बंद झाला. "मला बी काहीतरी असावं वाटतंय गं. माझं."

मला आधी वाटलं, दुखावली. मग कळलं की दुखावलं मलाच गेलंय: ती माझ्यासाठी खास करत होती असं मी धरून चालले होते.

अर्ज मी भरून दिला, पण बाकी तिनेच केलं. बारा तासांचा लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा वर्ग. रबरी बाहुलीच्या छातीवर दाब देताना ती म्हणे प्रत्येक वेळी 'राम राम राम' मोजत होती आणि शिकवणाऱ्याला ताल आवडला. सोळा वर्षांवरच्या घरातल्या प्रत्येकाची पोलीस-तपासणी, म्हणजे नवऱ्याचीही, ज्यावर तो आठवडाभर कुरकुरला. डॉक्टरचा कागद, विमा, फी ३५ पौंड. आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यांत पाचांखालची तीन, त्यांत एक वर्षाखालचं एक. हे तिने सोलापूरच्या पाढ्यासारखं पाठ केलं.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी मी तिथे होते. पडद्यांच्या दोऱ्या, औषधांचं कपाट, जिन्याचं फाटक, सगळं बघून त्या स्वयंपाकघरातल्या देवघराशी थांबल्या. समई. शेजारी काडेपेटी. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, ही पेटवता का? "रोज," ताई म्हणाली, "संध्याकाळी." मुलं असताना? ताईने माझ्याकडे बघितलं, मग समईकडे. लग्नानंतर वीस वर्षं दिवेलागणीला दिवा चुकला नव्हता, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "मुलं गेल्यावर लावीन." बाईंनी लिहून घेतलं. काडेपेटी वरच्या फळीवर गेली.

काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं आणि त्यामागून मला पहिलं बिल आलं. रीतसर, क्रमांक ००१. तासाचा दर, दिवस, एकूण. बेनच्या दरापेक्षा पन्नास पेन्स कमी, ते का ते मी विचारलं नाही. खाली अटी. टीव्ही अर्ध्या तासावर नाही. ताप असेल तर मूल घेणार नाही, आणि मला ताप असेल तर तुमचं तुम्ही बघा. सहानंतर, सुरू झालेल्या प्रत्येक पाव तासाला ५ पौंड. ते वाचून माझ्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं, आणि थोडंसं डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम झालं, त्यामुळे कशाचं काय ते मी शोधत बसले नाही. पैसे पाठवताना ॲपने पुन्हा कारण विचारलं. मी बिलाचा क्रमांक टाकला.

परवा पुन्हा गाडी अडकली, या खेपेला पॅडिंग्टनहून निघतानाच. धावत पोचले. दार उघडायला ताई आली ती हातात काडेपेटी घेऊनच. बाकीची मुलं केव्हाच गेली होती, माझा एकटा होता, आणि देव अंधारात बसले होते.

"सहा चाळीस," ती म्हणाली. "पंधरा पौंड."

"हो गं, हो."

"आणि थांब, शेंगाची पोळी केल्या, डबा घेऊन जा. मागचा आण इकडे."

मी पिशवीतून मागचा डबा काढून दिला. तिने झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"रिकामा?"

महिनाअखेरच्या बिलात ते पंधरा पौंड बरोबर लागून आले आणि मी ते त्याच मिनिटाला भरले. डब्याचं अजून चालूच आहे.